ओल्या अंगाने सांगितलेल्या सोळा खडकांची बखर

श्री. वर दिसते त्या आकाशास नमन, खाली दिसते त्या पाण्यास नमन, आणि पाण्याखाली आहे परंतु दिसत नाही त्यास दोन वेळा नमन. शके १६८० बहुधान्यनाम संवत्सरी, श्रावण शुद्ध पौर्णिमेस, त्या राज्यात एका सकाळी सोळा खडकांस नावे पडली. ती कैसी पडली आणि कोणी पाडली, हे लिहून ठेवावे ऐसे बहुत दिवस मनात होते, परंतु लिहिणाराचा धीर होत नव्हता. ज्यांनी पाहिले त्यांनी सांगितले, ज्यांनी ऐकिले त्यांनी त्यात भर घातली, आणि दोहोंतले खरे निवडण्याइतकी अक्कल आम्हांपाशी आहे की नाही याचा संशय अजून गेला नाही. तरी लिहितो. चूक असेल ती आमची, खडक मात्र खरे.

राज्य म्हणावे तर ऐसे होते की उत्तरेस खाडी, दक्षिणेस खाडी, पूर्वेस डोंगर आणि पश्चिमेस समुद्र. त्यात समुद्राकडील हद्द कोणी मोजिली नव्हती, म्हणून आपले राज्य अफाट आहे ऐसे श्रीमंत सरकारांचे म्हणणे होते, आणि ते खोटे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. त्या राज्याची प्रजा तांडेल आणि खलाशी, आणि त्यांचे शत्रू खडक. कोणी परचक्र येऊन जितकी माणसे मारिली नाहीत तितकी खडकांनी मारिली. म्हणून थोरल्या सरकारांच्या वेळेपासून ऐसी चाल पडली होती की, कोणा तांडेलाची होडी अनोळखी खडकास लागली तर त्याने परत येऊन वाळूवर उभे राहावे, आणि अंगावरचे समुद्राचे पाणी वाळण्यापूर्वी, चार माणसांदेखत, आपल्या तोंडाने सांगावे की लागली, आणि अमक्या खुणांवर लागली. मग त्या खडकास त्या तांडेलाचे नाव पडे आणि खडकनविसाच्या दफ्तरी ते चढे. वाळल्यावर सांगितलेले धरीत नसत. कारण वाळल्यावर माणूस विचार करू लागतो, आणि विचार केला की हकीकत बदलते. ऐसे करिता करिता दफ्तरी एकतीस खडक जाहले. पोशाची दाढ म्हणून एक होता, त्याने पोशा तांडेलाच्या होडीचा घास घेतला होता. गोम्याची घाई म्हणून एक होता. गोमा तांडेल माहेरी गेलेल्या बायकोस आणावयास निघाला आणि भरती येण्याची वाट त्याच्याने पाहवली नाही, मग तो वाळूवर उभा राहून सांगू लागला तेव्हा सर्वांआधी त्याची बायको हसली. धायाचा उंट म्हणून एक होता, आणि त्या राज्यात धायानेच काय पण कोणीही उंट पाहिला नव्हता. दोघे भाऊ एका होडीत असता लागली आणि सुकाणू तुझ्या हाती होते, नव्हे तुझ्या हाती होते, ऐसे दोघे अंग वाळेपर्यंत भांडत राहिले, त्या खडकास तुझामाझा म्हणत. पोरे चालावयास शिकण्याआधी ही नावे पाठ म्हणत, आणि त्या नावांत कोणास लाज वाटत नसे.

मग धाकटे सरकार गादीवर आले आणि त्यांच्या मनात तांडेलांचा मान करावा ऐसे आले. हेतू चांगला होता, यात संशय नाही. त्यांनी हुकूम केला की, ज्या तांडेलाच्या नावे दफ्तरी एकही खडक नाही, तो खरा कसबी, त्यास नारळी पौर्णिमेस केशरी पागोटे बांधावे आणि त्याची होडी पुढे काढावी. पहिल्या वर्षी पाच पागोटी वाटिली. आणि त्या वर्षापासून, काय चमत्कार, राज्यात नवा खडक लागेनासा जाहला. एक वर्ष गेले, तीन गेली, दहा गेली, खडकनविसाची शाई दौतीत वाळली, आणि दरबारी लोक सरकारांस म्हणू लागले की, सरकारांच्या पुण्याईने समुद्राने आपले खडक आवरिले. पागोटी पाचांची तेरा जाहली. नारळी पौर्णिमेस ती तेरा पागोटी ओळीने होड्या घेऊन निघत, आणि बंदराबाहेर पडता पडता कोणी होडी येथे वाकडी घेई, कोणी तेथे वाकडी घेई, ज्याची त्याची जागा निराळी; हे बुरुजावरून पाहून सरकार म्हणत, पाहा कैसे मुजरा करितात! आणि दरबारी लोक माना डोलवीत. एका भिवा सुताराचे काम मात्र तिप्पट जाहले होते, परंतु सुतारास दरबारात कोण विचारितो?

त्या तेरांत श्रेष्ठ बाळकोजी तांडेल. चाळीस वर्षे सुकाणू धरिले, नावे खडक नाही. शके १६७९ च्या फाल्गुनात त्यांस ताप आला, तो उतरेना, आणि एके दिवशी भर दुपारी त्यांनी आपली स्त्री धाकूबाई यांस जवळ बसविले आणि म्हणाले, "धाकू, खाडीपलीकडचे ते चौघे गेले ना, दोन वर्षांमागं?"

धाकूबाई म्हणाल्या, "वाऱ्यानं गेले बिचारे. आता त्यांचं काय काढलंत? पेज घ्या."

"वाऱ्यानं नाय गेले. माझ्या खडकावर गेले."

"तुमच्या नावाचा खडक कुठं हाय?"

"खडक हाय. नाव नाय."

मग बाळकोजींनी सर्व सांगितले, की सात वर्षांमागे होडी लागली, तळाची फळी गेली, परत आले तो अंग ओलेच होते आणि वाळूवर माणसेही होती, तोंड उघडावे तो डोईवरचे पागोटे आठवले, आणि उद्या सांगू म्हणता म्हणता अंग वाळले. त्यांनी खुणा सांगितल्या: देवळाचा कळस आणि टेकावरचा एकटा माड एका रेषेत आणायचे, आणि डोंगरातली खाच बुरुजाच्या डाव्या कडेस लागली की तेथेच खाली आहे. "मोठ्या ओहोटीला गुडघाभर पाण्यात येतो," म्हणाले. "इतर वेळेला काय पण दिसत नाय. पाणी हसतं नुसतं." आणि तिसऱ्या दिवशी बाळकोजी वारले. सरकारातून शोक जाहला, आणि बापाचे पागोटे पुत्र नागोजी यांच्या मस्तकी बांधिले. कारण नागोजी पंचवीस वर्षांचे तांडेल, आणि त्यांच्या नावेही दफ्तरी खडक नव्हता.

याच सुमारास सरकारांनी मोठी गुराब बांधिली. साठ माणसे बसतील, दोन तोफा राहतील, आणि पाण्यात होडीच्या तिप्पट खोल उतरेल ऐसी. नारळी पौर्णिमेस भर भरतीस नारळ वाहून खासा सरकारांनी आपल्या मातोश्रींसह तीत बसावे आणि सुकाणू नागोजींनी धरावे, ऐसे ठरले; आणि खडकनवीस विसाजीपंत यांनी दफ्तर पाहून, एकतीस खडक टाळून, कागदावर तांबड्या शाईने तिची वाट आखून दिली. वाट मोठी सुरेख होती. विसाजीपंत हे विद्वान, भिडस्त, दरबारात तोंड न उघडणारे. समुद्रात ते एकदाच गेले होते आणि तेव्हाही ओकत परत आले होते.

धाकूबाईंनी ती वाट ऐकिली आणि त्या पुत्रास म्हणाल्या, "नागू, त्या रेषेवर तुझ्या बापाचा खडक हाय." आणि सर्व हकीकत सांगितली. नागोजी म्हणाले, "बरं. आता कळलं. मी बाजूनं काढीन."

"आणि त्या होनाजी तांडेलाचा?"

"होनाजीकाकांना खडक नाय."

"तुझ्या बापालापण नव्हता."

नागोजी म्हणाले, "आये, बाबाला जाऊन सहा महिने नाय झाले. त्याचं नाव दगडाला द्यायला निघालीस? लोक थुंकतील."

"गुराब फुटली तर थुंकायला तरी कोण उरेल? साठ माणसं घेऊन जातोस तू, आणि तुला एकच खडक ठाव हाय."

नागोजी उठून गेले. मग धाकूबाईंनी मनसुबा केला की, पौर्णिमेच्या आत हे सर्व खडक बोलते करावयाचे. त्याविना पुत्र त्या गुराबेवर चढू द्यावयाचा नाही. प्रथम त्या भिवा सुताराकडे गेल्या. तो होडीच्या तळाशी उताणा पडून फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठाशीत होता.

"भिवादादा, दहा वर्षांत तळाच्या किती फळ्या बदलल्या?"

"वयनी, सुतार फळी बघतो. कशानं फुटली ते बघत नाय."

"मंग फळ्याच सांगा."

भिवाने हातातला कापूस खाली ठेविला. मग म्हणाला, "अठ्ठावन्न."

"जुन्या झाल्या म्हणून?"

"निम्म्या तर मीच आदल्याच सालात बसवलेल्या. माझी फळी एका सालात जुनी होते होय? अब्रू हाय माझी पण!" आणि ऐसे बोलून तो घाबरला आणि पुन्हा होडीखाली गेला.

मग धाकूबाई खडकनविसीत गेल्या. विसाजीपंतांनी सर्व ऐकून घेतले, त्यांचा चेहरा उतरला, कारण तांबडी रेघ त्यांची होती, परंतु त्यांनी दफ्तर काढिले आणि नियम वाचून दाखविला, आणि म्हणाले, "बाई, ज्याची होडी लागली त्याने सांगावे, स्वमुखे सांगावे, ओल्या अंगाने सांगावे. बाळकोजी तर... आता ते कसे सांगणार?"

"मी सांगते ना त्यांच्या वतीनं."

"तुम्ही कोरड्या आहात," विसाजीपंत अगदी हळू म्हणाले. "मला तुमचे खरे वाटते. पण मला खरे वाटून काय उपयोग? मी खरे वाटून घेऊन लिहू लागलो तर उद्या कोणीही येईल आणि वैऱ्याच्या नावाने खडक सांगून जाईल." आणि यात पंतांचे अगदीच चुकले ऐसे आम्हांस म्हणवत नाही.

मग त्या वाळूवर गेल्या, तेथे तांडेल जाळी विणीत बसले होते, आणि धाकूबाई त्यांच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या लेकाला गुराब घेऊन जायचं हाय. ज्याचा त्यानं आपापला खडक सांगा. बाळकोजीचा मी सांगते."

तांडेल जाळ्याकडे पाहू लागले. होनाजी तांडेल हे बाळकोजींच्या मागून सर्वांत वडील, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा; ते म्हणाले, "वयनी, बाळक्याला ताप होता. तापात माणूस काय पण बोलतो. माझा आजा तापात म्हणायचा, मी देवमासा हाय, आन पाण्यात सोडा."

सर्व हसले.

"दोन वर्षांमागं चौघे गेले, ते पण तापानंच गेले काय?" धाकूबाई म्हणाल्या.

"ते परगावचे. त्यांना आपला समुद्र ठाव नाय. आपला समुद्र साफ हाय, सरकारचा पायगुण." आणि होनाजी आणखी बोलले, "एवढीच हौस असंल तर तुमीच जावा आन एक खडक घेऊन या. टोपली हायच तुमच्यापाशी."

सर्व पुन्हा हसले, परंतु पहिल्याइतके नव्हे. धाकूबाई म्हणाल्या, "जाते." आणि त्या खरोखरच निघाल्या, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

त्या राज्यात स्त्रिया शिंपले आणि कालवे काढीत, मासळी विकीत, खाडीतून होडी वल्हवीत. परंतु बंदराच्या बाहेर सुकाणू धरून कोणी स्त्री गेली नव्हती. त्यास मनाई होती म्हणावे तर ऐसा हुकूम आम्हांस दफ्तरी सापडला नाही. कोणी गेली नव्हती, इतकेच. पौर्णिमेच्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा मोठी ओहोटी होती, आणि सारे लोक वाळूवर होड्या शृंगारीत होते, आणि धाकूबाईंनी नवऱ्याची लहान होडी पाण्यात लोटिली, वल्ह्यावर भिवा सुतारास बसविले आणि आपण सुकाणू धरिले. भिवा म्हणाला, "वयनी, मी सुतार. मला किनाऱ्यावरचं बरं."

"होडी फुटली तर सुतारच लागंल."

"फुटली तर म्हणजे?"

"फोडायचीच हाय," धाकूबाई म्हणाल्या.

मग भिवाने देवाचे नाव घेतिले आणि वल्हे मारिले. लोकांनी पाहिले आणि प्रथम थट्टा मांडिली, कोणी म्हणे बाई निघाल्या बाजाराला, कोणी म्हणे सुतारास मामलेदारी मिळाली. मग होडी बंदराच्या तोंडाबाहेर गेली आणि थट्टा कमी कमी होत गेली. धाकूबाईंनी मान वळवून मागे पाहात सुकाणू धरिले, कारण खुणा सर्व मागे होत्या. कळस माडाच्या डावीकडे होता, तो सरकत सरकत माडावर आला, आणि तेव्हापासून त्यांनी ती रेष सोडिली नाही, लाटा बाजूने मारीत होत्या तरी सोडिली नाही, आणि डोंगरातली खाच बुरुजाकडे हळूहळू चालू लागली. भिवा म्हणाला, "वयनी, इथं तर नुसतं पाणी हाय. बरं झालं. चला परत." धाकूबाई म्हणाल्या, "आणखी दहा वल्ही." त्याने आठ मारिली. नवव्यास होडी ऐसी थांबली की भिवा वल्ह्यावरून उलटा पडला, आणि तळातून लाकूड मोडल्याचा आवाज आला, तो त्याने जन्मभर ऐकिलेल्या सर्व आवाजांत वाईट होता, कारण ती फळी त्यानेच बसविली होती.

पाणी आत येऊ लागले. भिवाने अंगरखा काढून भोकात कोंबिला आणि वर बसला. धाकूबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळिला, एक पाय बाहेर टाकिला, मग दुसरा टाकिला, आणि त्या समुद्रात, किनाऱ्यापासून इतक्या लांब की माणसे मुंग्यांएवढी दिसावी, तेथे गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. वाळूवरून तो देखावा सर्वांनी पाहिला. जेथे समुद्र साफ होता तेथे एक बाई उभी होती.

त्यांनी तेथे काय केले हे भिवाने पुढे सांगितले, की वयनींनी खाली वाकून हाताने खडक चाचपला, आणि शेवाळातून बोटभर लांबीची एक गंजलेली खीळ उपटून काढिली, आणि ती त्यास दाखविली. भिवा म्हणाला, "ही माझी नाय. खाडीपलीकडचे सुतार ठोकतात असली, चौकोनी डोक्याची." धाकूबाईंनी ती खीळ पदरात बांधिली. मग भिवा बसल्या जागेवरून वल्हे मारी आणि धाकूबाई एका हाताने पाणी उपसीत आणि एका हाताने सुकाणू धरीत, ऐसे ते दोघे परत आले, आणि होडी वाळूस लागली तेव्हा तीत होडीपेक्षा पाणी अधिक होते.

धाकूबाई नखशिखान्त ओल्या वाळूवर उभ्या राहिल्या. विसाजीपंत दफ्तर काखेत घेऊन धावत आले. ते धावतात हे लोकांनी त्या दिवशी प्रथम पाहिले. "बाई, वाळायच्या आत सांगा!" ते म्हणाले.

धाकूबाईंनी खुणा सांगितल्या आणि म्हणाल्या, "होडी लागली. खडक बाळकोजीचा."

पंतांनी लेखणी थांबविली. त्यांनी जवळ येऊन हळूच सांगितले, "बाई, होडी आज तुमच्या हातची लागली. नियमाने नाव तुमचे पडते. धाकूचा खडक म्हणून लिहितो. बाळकोजींचे नावही राहील, खडकही दफ्तरी चढेल, कोणाचे काही जाणार नाही." आणि नागोजी पुढे येऊन म्हणाले, "आये, पंत बरोबर सांगतात. तुझंच नाव लिहू दे. बाबाला राहू दे." आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

धाकूबाई म्हणाल्या, "माझं नाव लिवलंत तर खडक आजचा ठरंल. तो आजचा नाय. चौघे त्याच्यावर गेले दोन वर्षांमागं, आणि त्यांच्या घरची माणसं अजून विचारत फिरतात, कुठं गेले म्हणून. त्यांना मी काय सांगू? आज सापडलेल्या खडकावर त्या साली गेले?" आणि त्यांनी पदराची गाठ सोडून खीळ पंतांच्या हाती दिली. "तुझ्या बाबावर माझापण जीव होता, नागू. चाळीस वर्षं तो समुद्रावरनं परत येईपर्यंत मी जेवली नाय. तरी पण खडक त्याचा हाय. लिवा पंत. मी ओली हाय, आणि खरं बोलते."

तेव्हा विसाजीपंतांनी वाळूवर मांडी घातली, दौतीत थुंकून शाई ओली केली, आणि लिहिले: बाळकोजीचा खडक, सात वर्षांमागील, सांगणार धाकूबाई, ओल्या अंगाने.

मग ऐसे जाहले की नागोजी वळले आणि समुद्रात चालू लागले. गुडघा, कंबर, छाती. मातेने हाक मारिली, "अरे पागोटं!" ते ऐकेनात, आणि एक मोठी लाट घेऊन डोईपर्यंत बुडाले, आणि परत वाळूवर येऊन उभे राहिले; पागोट्याचा केशरी रंग ओघळून तोंडावरून छातीवर उतरत होता. ते म्हणाले, "पंत, लिवा. मागच्या मार्गशीर्षात. पोशाच्या दाढेच्या बाहेरच्या अंगाला, वीस वाव लांब. होडी लागली. मी सांगितलं नाय."

धाकूबाई मटकन वाळूवर बसल्या. हा खडक त्यांस ठाऊक नव्हता.

मग कोणी पुढे होईना, आणि कोणी घरीही जाईना. होनाजी तांडेल मिशीवरून हात फिरवीत उभे होते, ते एकाएकी म्हणाले, "च्यायला, पोरगं एकटंच भिजलंय," आणि ते पाण्यात गेले आणि येऊन एक खडक सांगितला, आणि वळून पुन्हा पाण्यात निघाले. पंत म्हणाले, "होनाजी, भिजलेले आहातच की." होनाजी म्हणाले, "एका बुडीत एक. दुसरा हाय अजून." आणि त्यांच्या मागून बाकीची पागोटी निघाली, म्हातारे आणि तरणे, कोणी काठी टेकीत, कोणी दुसऱ्याचा हात धरून, आणि समुद्रात बुडी मारून येत आणि थंडीने कुडकुडत सांगत, आणि पंतांचे लिहिणे पुरे पडेना. एकाने आपला खडक सांगितला तो दुसरा ओरडला, "अरे, त्याच्यावरच माझी पण लागली होती, गाढवा, सांगायचं नाय होय!" आणि पहिला म्हणाला, "तू तरी कुठं सांगितलंस?" आणि दोघे जण एकमेकांच्या गळ्यास धरून रडू लागले की हसू लागले, हे पाहणारांस नीट कळले नाही. भिवा सुतार उघड्या अंगाने बाजूस उभा राहून बोटांवर फळ्या मोजीत होता, आणि प्रत्येक खडकास मान हलवीत होता.

इतक्यात वाद्ये वाजली आणि श्रीमंत सरकार पालखीतून उतरले, आणि पाहतात तो सारी पागोटी भिजलेली, रंग उडालेली, आणि तांडेल ओळीने थरथरत उभे. सरकारांनी विचारिले, "हे काय?"

कोणी सांगितले की, खडक सांगताहेत.

"किती?"

विसाजीपंतांनी कागद पाहिला. "सोळा, सरकार." लोकांच्या तोंडी अठराही आकडा आहे, परंतु दफ्तरी सोळा, म्हणून आम्ही सोळा धरिले.

सरकारांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "अकरा वर्षांत एक नाही आणि एका सकाळी सोळा? आमच्या हातून कोणते पाप घडले, की समुद्राने एवढे खडक उगविले?"

दरबारी लोक खाली पाहू लागले. धाकूबाई वाळूवर बसल्या होत्या तेथूनच म्हणाल्या, "पाप नाय सरकार. पागोटी."

सरकार पंतांकडे वळले. त्यांनी पंतांच्या हातून गुराबेच्या वाटेचा कागद मागून घेतिला, आणि पंतांनी तांबड्या रेघेवर नवे ठिपके मांडून दाखविले. पाच ठिपके रेघेवर पडले. तिसऱ्या ठिपक्यावर पंतांचे बोट थांबले, तो बाळकोजीचा. सरकारांनी मागे पाहिले, तेथे मातोश्री नारळाचे ताट घेऊन पालखीतून उतरत होत्या. मग सरकार, ज्यांच्याखाली कोणी गालिचा पसरल्यावाचून ते कधी बसले नव्हते, ते ओल्या वाळूवर बसले.

थोड्या वेळाने त्यांनी हुकूम केला की गुराब आज निघणार नाही, या खडकांच्या खुणा पाहून नवी वाट आखीपर्यंत निघणार नाही. आणि मन भरून आल्यामुळे आणखी बोलिले, "ज्यांनी आज खडक सांगितले ते खरे मर्द. आजपासून जो खडक सांगेल त्यास आम्ही केशरी पागोटे देऊ!"

लोकांनी जयजयकार करावा तो विसाजीपंत पुढे जाहले. दरबारात तीस वर्षांत ते आपणहून बोलले नव्हते, त्यांचा आवाज फाटला, त्यांनी तो दोनदा साफ केला आणि म्हणाले, "सरकार, हात जोडतो. असे केले तर पुढल्या पौर्णिमेस माझ्या दफ्तरी दोनशे खडक होतील, आणि त्यांतले एकशेत्रेपन्न समुद्रात सापडणार नाहीत."

होनाजी तांडेल हसू आवरीत खोकले. सरकार म्हणाले, "मग काय द्यावे?"

"काही देऊ नये, सरकार. पूर्वी काही देत नव्हते तेव्हा सांगत होते."

सरकारांनी बराच विचार केला. आणि त्यांच्या नावे जे चांगले लिहावयाचे आहे ते हेच की, त्यांनी तो विचार वाळूवर बसूनच केला, वाड्यावर नेला नाही. मग ते म्हणाले, "बरे. काही नाही." आणि तो हुकूम दोन शब्दांचा असल्याने दफ्तरात जसाच्या तसा आहे.

त्या दिवशी भर भरतीस नारळ वाहिला, होड्या मात्र निघाल्या नाहीत. पुढील पौर्णिमेच्या ओहोटीस धाकूबाईंनी खाडीपलीकडे निरोप धाडिला, आणि त्या चौघांच्या घरची माणसे आली. एकाची म्हातारी आई, एकाची बायको, एकाचा भाऊ आणि चौथ्याचा बाप. नागोजींनी त्यांस होडीतून नेले आणि धाकूबाई संगे बसल्या. म्हाताऱ्या आईने वाटेत विचारिले, "कुणाचा खडक म्हणालीस?" धाकूबाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा." होडी खुणांवर आली, पाणी खाली गेले, काळा खडक गुडघाभर पाण्याखाली दिसू लागला, आणि म्हातारीने ओंजळभर फुले आणिली होती त्यांतली अर्धी पाण्यात सोडिली, आणि उरलेली धाकूबाईंच्या हातात देऊन म्हणाली, "तुझी पण सोड."

येणेप्रमाणे त्या राज्यात एकतीस खडक होते ते सत्तेचाळीस जाहले. गुराब आश्विनात निघाली आणि सत्तेचाळीसही टाळून गेली. नाळेवर, म्हणजे गुराबेच्या पुढच्या टोकावर, उभा असलेला माणूस जो खडक येई त्याचे नाव मोठ्याने घेई, आणि ज्याचे नाव येई तो तांडेल गुराबेवर असेल तर हात वर करी. बाळकोजीचे नाव आले तेव्हा नागोजींनी एका हाताने सुकाणू धरून दुसरा हात वर केला. त्यानंतर कैक वर्षांत भिवा सुताराकडे तळाच्या फळ्यांचे काम फार थोडे आले, आणि तो पाळणे करू लागला. समुद्र पूर्वी होता तेवढाच होता. जे ऐकिले ते लिहिले. यात कोणाचे नाव चुकले असेल तर त्याने ओल्या अंगाने येऊन सांगावे, दुरुस्त करू.